सात पावलांवरचे ढीग

इतक्या वर्षांच्या नोकरीतली पुसेगावकडची एक तक्रार मला अजून तोंडपाठ आहे. पन्नाशीतला एक शेतकरी राखाडी भुकटीची पिशवी घेऊन ठाण्यात आला.

"साहेब, मी बाजारला गेलो की वावरात कोणीतरी जहर टाकून राहिलं. पंधरा दिवसांनी हळद लावायची हाय. माझी वैनीच असंल, लिहून घ्या."

वहिनी म्हणजे मयत थोरल्या भावाची बायको. वाटणीत काळी जमीन तिच्याकडे गेली, मुरमाड याच्याकडे. तेव्हापासून बोलणं बंद.

पंचनाम्याला गेलो. नांगरलेल्या रानात भुकटीचे ढीग होते, त्यांत शेणखत कालवलेलं. दोन ढिगांमधलं अंतर मोजलं. सगळीकडे सात पावलं. नुकसान करणारा माणूस पावलं मोजत नाही, हे तिथंच खटकलं.

नमुने सीलबंद करून तपासणीला पाठवले. बीट हवालदारानं भुकटी खडी क्रशरची म्हणून ओळखली. जवळच्या खडी क्रशरच्या मुनिमानं सांगितलं, "टाकाऊ माल हाय, फुकट देतो. पण एक म्हातारीच नेते, दर बाजारच्या दिवशी."

महिला शिपायासमोर वहिनीचा जबाब घेतला.

"काहून टाकली?"

"माझ्या काळ्या रानाच्या कडंला बी एक मुरमाड तुकडा हाय, त्यात दोन वर्सं टाकली, तवा कुठं जवारी उभी राहिली. त्याच्या वाट्याला तर समदा मुरूमच आला."

"मग त्याला सांगायचं ना."

"सांगून घेतली असती का त्यानं? मी लगीन होऊन आले तवा हे चार वर्साचं लेकरू होतं. औषध दिलं की थुंकायचं. गुळात लपवून द्यावं लागायचं."

अहवाल आला. विष नव्हतं, काळ्या दगडाचा चुरा होता. कृषी अधिकारी म्हणाले, शेणखतासोबत घातला तर हलक्या जमिनीला तो हळूहळू पोषण देतो.

दोघांना ठाण्यात बोलावलं. वहिनी व्हरांड्यात बसली होती. आत दिराला मी तिचा जबाब वाचून दाखवला. गुळाच्या ओळीवर त्यानं मान खाली घातली.

"तक्रार मागे घेता?"

"घेतो. पर साहेब, तिला सांगा, वरच्या तुकड्यात टाकायची राहिली म्हणून."

"ते तुम्हीच सांगा. पोलीस निरोप्ये नाहीत."

तो बाहेर गेला. "वैनी, सरक जराशी," एवढंच ऐकू आलं.

"आता आठवली व्हय वैनी?" ती म्हणाली, आणि बाकावर सरकली.

संशयितांची यादी करताना तोवर मी एकच विचारायचो, वैर कोणाशी आहे? त्या दिवसापासून वहीत दुसरा प्रश्न लिहू लागलो, माया कोणाची आहे? निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न मी खोडला नाही.