लेगियेमच्या शब्दावर लावलेलं शेत

केदुंगसारी गावात लेगियेमला सगळे ‘यू’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा म्हणत. तिच्या मालकीचं म्हणाल तर बांबूचं एक घर, थोड्या कोंबड्या आणि तळहातात मावणारं कापणीचं पातं, एवढंच. पण भाताची लोंबी न् लोंबी वेगळी खुडायची, आणि पातं मुठीत असं दडवायचं की लोखंड बघून भाताची देवी श्री बिचकू नये, हे तिच्यासारखं कुणाला साधत नसे. कापणीला ती पुढे, तिच्यामागे बायकांची रांग, आणि रांगेत सगळ्यांत जास्त तोंड जेमिराचं.

“यू, हळू गं! देवीला वाटेल तुझ्यामागे वाघ लागलाय.”

“वाघ कशाला लागतोय? तू आहेस ना मागे.”

कालव्याजवळचं मोठं खाचर बू मुर्तिनाचं. गावात मानाच्या बाईला ‘बू’ म्हणत. तिथली रीत जुनी होती. लावणी करायची, निंदणी करायची, मजुरी मागायची नाही. पीक तयार झालं की ज्या हातांनी रोपं लावली त्याच हातांनी कापायचं आणि भाताचा वाटा डोक्यावर घेऊन घरी जायचं. हे कुणी कुणाला सांगत नसे. मुर्तिनाच्या आजीनं लेगियेमच्या आजीला सांगितलं असेल तर असेल.

त्या वर्षी मात्र जेमिरा अडली. सरकारी बियाणं आलं होतं, बुटकं, लवकर पिकणारं आणि विळ्यानंही कापता येईल असं. शेजारच्या गावात काही मालकांनी उभं पीक शहरातल्या व्यापाऱ्याला विकल्याचं कानावर येत होतं. आणि तिला स्वतःला शहरात एका घरी कपडे धुण्याचं काम सांगून आलं होतं.

“रोजचे पैसे रोज देतायत,” ती म्हणाली. “इथे महिनोन् महिने चिखलात वाकायचं, आणि बूनं ऐन वेळी पाठ फिरवली तर?”

“बू मुर्तिना पाठ फिरवील? अगं, तिला मी कडेवर खेळवलंय.”

“कडेवरची पोरं मोठी होतात, यू.”

“भात मिळणार. मी सांगते ना.”

“तू सांगतेस म्हणून हं,” जेमिरा म्हणाली आणि लुगडं गुडघ्याच्या वर खोचून चिखलात उतरली. ती उतरली तशा बाकीच्याही उतरल्या.

पीक झकास आलं. लोंब्या भरून वाकल्या तेव्हा लेगियेम कापणीचा दिवस विचारायला बूकडे गेली. बू मुर्तिनानं तिला शेजारी बसवलं, तळलेली केळी पुढे केली, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली. कापणीचा विषय काढला की ती वाऱ्याबद्दल बोलायची.

“यंदा वारा फारच आहे, नाही का यू? आणि तुझे गुडघे? किती वर्षं वाकायचं माणसानं? आता जरा विसावा घ्यावा.”

लेगियेमचे डोळे भरून आले. बूला आपली इतकी काळजी! दुसऱ्या कुणी हेच बोलणं तिच्या कानावर घातलं असतं तर तिनं त्याला समजावलं असतं, की बाबा रे, आपल्याकडे नकार असाच येतो, पाठीवरून हात फिरवत येतो. पण स्वतःची गोष्ट आली की शहाणी माणसंही आंधळी होतात. स्पष्ट विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. स्पष्ट विचारणं म्हणजे बूच्या सचोटीवर बोट ठेवणं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते केदुंगसारीत कुणी म्हणत नाही, नुसतं जगतात.

जाता जाता बू म्हणाली, “परवा देवीची पूजा तूच कर हं. तुझ्याशिवाय माझ्या मनाला बरं वाटत नाही.”

मग तर शंकेला जागाच उरली नाही. लेगियेमनं न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून शेताच्या कोपऱ्यात नारळाचा भात, उकडलेलं अंडं आणि फुलं ठेवली. उत्तम लोंब्या निवडून त्यांची नवरा-नवरी बांधली आणि देवीला सांगितलं, आई, आम्ही तुला न्यायला येतोय, घाबरू नकोस. बू मुर्तिना मागे हात जोडून उभी होती. पीक तिनं त्याआधीच विकलं होतं. देवीचा कोप तेवढा नको होता, म्हणून लेगियेम हवी होती. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय!

रीतीप्रमाणे पूजेच्या दुसऱ्या दिवशी बायका कापणीसाठी टोपल्या घेऊन आल्या तेव्हा बांधाशी ट्रक उभा होता. परगावचे पुरुष विळे घेऊन खाचरात उतरले होते आणि भाताच्या बुडख्यालाच हात घालत होते. सपासप. देवीला दिसेल की नाही याची कुणाला पर्वा नव्हती.

“ए, कोण रे तुम्ही?” जेमिरा ओरडली.

“शहरातल्या पाक सोलेमान शेठची माणसं,” मुकादम म्हणाला. “उभं पीक घेतलंय आम्ही. बायांनो, बाजूला व्हा, विळा लागेल.”

“लावणी काय तुझ्या आईनं केली होती? आयत्या बिळावर नागोबा!”

“मावशी, मला कशाला शिव्या? मालकिणीला विचारा.”

सगळ्या बायका लेगियेमकडे बघायला लागल्या. लेगियेम म्हणाली, “थांबा, मी विचारून येते,” आणि बूच्या घराकडे चालू लागली.

दारात मोलकरीण आडवी आली. “बू शहरात गेल्यात.”

बूच्या चपला उंबऱ्याशीच होत्या. आतून तिच्या खोकण्याचा आवाज आला, मग तोंडावर पदर दाबल्यासारखा थांबला. पडद्यापलीकडे ती उभी होती, लेगियेमच्या हाताच्या अंतरावर. एक हाक पुरली असती. मुर्ती, बाहेर ये, माझ्या बायकांना तोंड दाखव. लेगियेमच्या ओठांवर ते आलंही. पण मोलकरणीसमोर, वाटेवरच्या लोकांसमोर बूला खोटं पाडायचं? ज्या पोरीला कडेवर घेऊन चंद्र दाखवला, तिला? तिच्यानं ते झालं नाही. रागापेक्षा तिला लाजच जास्त वाटली, आणि तीही दुसऱ्याची.

ती बांधावर परतली. “बू घरी नाहीत,” तिनं सांगितलं. “शहरात गेल्यात. त्यांना बहुतेक ठाऊकच नसेल.”

जेमिरा तिच्याकडे बघत राहिली. सकाळी शेताकडे येताना जेमिरानं बू मुर्तिनाला अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना पाहिलं होतं, दोन शब्द बोलली होती. तिनं लेगियेमला खोटं पाडलं नाही. टोपली उचलली आणि वळली. बाकीच्या तिच्यामागून गेल्या. शहरातलं काम केव्हाच दुसरीला लागलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आता पुढच्या पिकापर्यंत कसाव्याचे सुकवलेले कंद खाऊन दिवस काढायचे.

लेगियेम गेली नाही. माणसं भारे ट्रकवर चढवत होती, तेव्हा ती त्यांच्यामागे वाकून सांडलेल्या लोंब्या वेचत होती. वेचणी हे निराधारांचं काम. आजवर तीच त्यांच्यासाठी मुद्दाम थोडं मागे सोडत आली होती. विळ्यांनी फारसं काही सोडलं नव्हतं. मुकादमानं एकदा हटकलं, मग तिचे पांढरे केस बघून दुसरीकडे मान वळवली. ऊन उतरेपर्यंत ती वेचत राहिली.

घरी तिनं ते दाणे कुटले, पाखडले आणि केळीच्या पानांत बांधून दारोदार निघाली. “तुझा वाटा,” ती म्हणायची. पुडी एवढीशी, की वाटा हा शब्द उच्चारताना तिचीच मान खाली जायची. बायकांनी पुड्या घेतल्या. नको म्हटलं असतं तर तिला लागलं असतं, म्हणून घेतल्या.

जेमिराकडे ती सगळ्यात शेवटी गेली. सवयीनं स्वयंपाकघराच्या दारानं, हाक न मारता. जेमिरा लग्न होऊन गावात आल्यापासून दोघी एकमेकींच्या चुलीशीच बसत. तिथेच मीठ मागायचं, तिथेच नवऱ्यांना नावं ठेवायची, तिथेच रडायचं.

जेमिरा चुलीपुढून उठली. हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता. लेगियेमला वाटलं, आता शिव्या देईल. दे बाई, भरपूर दे, मन मोकळं कर. दोन थपडा मार हवं तर.

“अगं बाई, यू, इथे कशाला धुरात?” जेमिरा हसून, अगदी गोड आवाजात म्हणाली.

तिनं लेगियेमला पुढच्या खोलीत नेलं, आढ्यावर गुंडाळून ठेवलेली पाहुण्यांची नवी चटई काढली, झटकली, आणि तिच्यासाठी नीट अंथरली.