बांगड्या लावलेले क्रेट: वाई, रहिमतपूर, सांगली

या ब्लॉगवर आतापर्यंतचे सगळे फोटो अविनाशने काढलेले आहेत. या वेळी फोटो कमी आहेत. माझा नवरा अविनाश जाऊन तीन महिने झाले आणि हा प्रवास मी एकटीने केला.

सांगलीजवळ, तासगावच्या रस्त्याला त्याचं बेदाणा निवडायचं छोटं युनिट आहे. शेतकऱ्यांकडून वाळलेला बेदाणा येतो, इथे तो धुतात, सुकवतात, रंग आणि आकार बघून निवडतात आणि पेट्यांत भरतात. एक गृहस्थ ते विकत मागत होते. "मॅडम, सगळं साहेबांच्या डोक्यात होतं. त्यांच्याशिवाय चालायचं नाही," असं फोनवर म्हणाले. मी पुण्यात एका कंपनीत ऑपरेशन्स बघते, म्हणजे माल कुठे अडतो आणि का अडतो ते शोधते. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. सोमवारी होकार कळवायचा, त्याआधी एकदा बघून यायचं, असं ठरवून शुक्रवारी सकाळी सहाला गाडी काढली.

साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या पुढे खंबाटकी घाट लागतो. जाताना घाट आणि येताना बोगदा, त्यामुळे जाताना अर्धा तास हाताशी ठेवा. सुरूर फाट्यावरून वाईला वळले. नदीच्या घाटावर सकाळी गर्दी नव्हती. कृष्णेच्या पायऱ्यांवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. सवयीने दोघांपुरत्या केल्या होत्या. उरलेल्या शेजारच्या आजींना दिल्या.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले आणि हायवे सोडून रहिमतपूरचा रस्ता धरला. वेळ जास्त लागतो, पण दोन्ही बाजूंना शेतं आहेत आणि ट्रक कमी. रहिमतपुरात चहाला थांबले, तर चहावाला आत ओरडला, "पुण्याची गाडी हाय रं, साखर कमी टाक!" बाकावरचा म्हातारा म्हणाला, "आरं, साखर कमी तर पैसं बी कमी घे की गड्या." चहा नेहमीसारखाच गोड होता. पुढे विट्यापर्यंत रस्ता मधे मधे खराब आहे. संध्याकाळी सांगली. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली स्वच्छ मिळाली. जेवण साधं, भाकरी गरम.

शनिवारी दहाला युनिटवर पोचले, तर काम बंद! निवडायच्या टेबलांशी बायका उभ्या, मधे क्रेटची रास, आणि धुण्याच्या मशीनवरचे रशीदभाई आणि टेबलांवरच्या मुख्य शालनअक्का यांचं जुंपलेलं.

"ही मंगळवारची थप्पी हाय," रशीदभाई म्हणत होते.

"मंगळवारची त्या कोपऱ्यात हाय. तुमाला रातीचं जेवान तरी आठवतंय का?"

आधी धुतलेला माल आधी भरायचा, हा इथला नियम. नाहीतर मागचा माल पडून काळवंडतो. पण कुठला क्रेट कधीचा, हे ओळखायला अविनाशची युक्ती होती: प्रत्येक वाराला एका ठरलेल्या रंगाची बांगडी. सोमवारी धुतलेल्या क्रेटला पांढरी, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवी, असं शनिवारच्या जांभळीपर्यंत. खडू पाण्याने पुसतो, कागद चिकट होऊन निघतो. बांगडी कडीत अडकवली की राहते. "खाण्याच्या मालाजवळ काच नको, प्लॅस्टिकच्या घ्या," एवढीच माझी भर.

त्या दिवशी एकाही क्रेटला बांगडी नव्हती.

"बांगड्या कुठे गेल्या?" मी विचारलं.

शालनअक्कांनी पदर सारखा केला. "आवं वैनी, तुमी येनार म्हनून काल काढून ठेवल्या. तुमच्या म्होरं असं बांगड्यांचं नको वाटलं."

"सगळ्या?"

"सगळ्या. चार बायका लावल्या."

रशीदभाई पुटपुटले, "मी म्हनलं हुतं, माल कसा वळखायचा. पर आमचं कोन ऐकतंय!"

मला हसू आलं. आधी तोंडावर हात धरला, मग काढून घेतला. बायकाही हसल्या, जरा घाबरतच.

"आणि कालपर्यंत? तीन महिने कसं चाललं?"

"कसं म्हंजी? जसं चालतंय तसं," शालनअक्का म्हणाल्या. "लाल संपली की हिरवी उचलायची. त्यात इचारायचं काय?"

मी नोंदी बघितल्या. तीन महिन्यांत एकही पेटी परत आली नव्हती. काम थांबलं ते फक्त त्या सकाळी, माझ्यासाठी.

शालनअक्का प्रत्येक क्रेटमधून मूठभर बेदाणा दाबून बघत वार सांगत गेल्या. ज्याचा ओलावा जास्त तो नंतरचा. मी काढून ठेवलेल्या बांगड्या पाटीतून घेऊन अडकवत गेले. दुपारी दीडला टेबलं सुरू झाली. ऑफिसात आम्ही नेहमी म्हणतो, काम एका माणसावाचून अडता कामा नये. अविनाशने ते करून ठेवलं होतं. ते बघून बरं वाटलं, आणि आता इथे त्याची गरज नाही हे बघून थोडं लागलंही.

तिथूनच त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हटलं. सोमवारपर्यंत थांबले नाही.

निघताना शालनअक्का पाटीजवळ घुटमळत होत्या. "वैनी, राग येनार नसंल तर..." त्यांच्या हातात शनिवारची जांभळी होती. मी हात पुढे केला.

रविवारी भडंगाच्या दोन पुड्या घेऊन हायवेने परतले. बोगद्याशी थोडा खोळंबा, बाकी रस्ता मोकळा. जायला वाई-रहिमतपूर आणि यायला हायवे, असंच मी इतरांनाही सुचवीन.

घरी आल्यावर हात धुतले. बांगडीला बेदाण्याचा चिकटपणा होता. तीही साबणाने धुतली, पुसली आणि परत घातली.