गुलिझारची फरशी

गुलिझारच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस होता आणि तिने एकच हट्ट धरला होता: नझमिये आणि दोन्दू, दोघी मैत्रिणींनी आज प्राचीन नगराच्या अवशेषांत यायचंच. गावापासून कुंपण अर्ध्या तासाच्या वाटेवर, पण तिच्या नोकरीच्या सव्वीस वर्षांत दोघींचं पाऊल आत पडलं नव्हतं. जपानहून माणसं धडपडत येतात. तुर्कस्तानच्या याच किनाऱ्यावर वाढलेल्या बायकांना तिथे फक्त दगड आणि शेळ्यांच्या लेंड्या दिसतात. राखणदार गुलिझारला गाव 'दगडांची गुराखीण' म्हणे. ती हसून सोडून देई. पण ते नाव दोन्दूनेच ठेवलं होतं, आणि तेवढं मात्र तिला सलत राहिलं होतं.

"तीन वाजता समुद्र हं," दोन्दूने फाटकातच बजावलं. "दगड बघेन, पण पोहणं सोडणार नाही."

"आधी आत तर ये, बाई!"

नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना नझमियेला धाप लागली. स्नानगृहाला छप्पर नाही म्हणून दोन्दूने नाक मुरडलं. गुलिझारचा जीव पुढच्या फरशीत अडकला होता.

समुद्राकडच्या एका घराची ती फरशी. नखाएवढ्या रंगीत दगडांची, मधे मासे, कडेने लाटांची नक्षी. पावसाळी थंडी सुरू होण्याआधी ती कापड आणि वाळूखाली झाकायची आणि वसंतात उघडायची, ही तिथली रीत. यंदाचं झाकणं आज दुपारीच होतं. उन्हाळ्याच्या धुळीने सगळी फरशी राखाडी झाली होती.

"हीच का ती?" दोन्दू म्हणाली. "माझं अंगण याहून उजळ आहे."

नझमियेला मळ कुठलाच बघवत नाही. तिने डब्याच्या पिशवीतून सॅलडसाठी आणलेल्या व्हिनेगरची बाटली काढली. "दोन थेंब टाकते, बघ कशी लख्ख होते!"

गुलिझारने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. "ठेव ती! आंबटाने दगड झिजतो. हे तुझं मोरीचं भांडं नाही!"

"ओरडतेस काय? घर सगळं यानेच पुसते मी."

"इथे नुसतं पाणी."

गुलिझारने फरशीभोवतीच्या दोरीपलीकडे जाऊन झारीने पाणी शिंपडलं आणि फडक्याने हलकेच टिपलं. लाल, निळे, मधाच्या रंगाचे मासे वर आले. नझमियेने बाटली पिशवीत कोंबली. दोन्दू मात्र मासे बघतच नव्हती. चाळीस वर्षं मागावर गालिचे विणलेली ती बाई दोरीपाशी गुडघे टेकून काठ बघत होती, बोटाने हवेतच लाटा मोजत होती.

कोपऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. "चुकला गं हा!"

"कोण?"

"ज्याने केलं तो. मोजणी चुकली, कोपऱ्यात लाट मावेना. मग शेवटच्या दोन चेपून बसवल्या. आम्हीही असंच करतो, गिऱ्हाइकाला कळत नाही."

पहिल्याच वर्षी गुलिझारला ते दिसलं होतं. सांगितलं कोणालाच नाही. राखणदार बाईचं कोण ऐकतं? मैत्रिणींना आपणहून दिसतं का, ते बघायला आज तिने मुद्दाम तोंड मिटून ठेवलं होतं.

"ठाऊक होतं तुला?" दोन्दूने तिच्याकडे बघितलं.

"सव्वीस वर्षं."

तीनला मजूर वाळू घेऊन आले. पोहायला जायची घाई असलेली दोन्दू बाह्या वर करून त्यांच्यात उभी राहिली आणि हळू टाका, हळू टाका, म्हणून त्यांनाच दरडावू लागली. सगळी फरशी झाकली गेल्यावर कोपरा तेवढा उरला. "तो तू झाक," ती म्हणाली. गुलिझारने ओंजळीने झाकला. आपण आयुष्यभर राखलं ते राखण्यासारखंच होतं, असं तिला पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत दिसलं.

किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. गावच्या बायका पाण्यात होत्या. त्यातली एक हसत ओरडली, "आली गं दगडांची गुराखीण!"

दोन्दू कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. "ए! ते नाव मी ठेवलं होतं. मीच परत घेतेय. यापुढे कोणी म्हणालं, तर गाठ माझ्याशी आहे!"