होडीतल्या सात ओळी

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं ठाऊक आहे. बारावीला गणितात किती पडले, पहिल्या नोकरीत कोणाशी भांडलो, झोपेत काय बडबडतो — सगळं. ही एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नाही. आई गेली, तिलाही शेवटपर्यंत कळली नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि खरं म्हणजे गेला अर्धा तास नुसता चहाच पितोय.

कुठून सुरुवात करू? गेमपासून करतो. गेमबद्दल बोलणं सोपं आहे.

दोन हजार तीन साल. मालवणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत नानांचं सायबर कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, एक पंखा आणि इतकं संथ इंटरनेट, की लोक मेल उघडायला लावून बाहेर चहा पिऊन यायचे. त्यामुळे इंटरनेटसाठी फारसं कोणी येत नसे. लोक यायचे ते एका जुन्या गेमसाठी. किल्ले बांधायचे, सैन्य जमवायचं, शेजारच्या राजावर चालून जायचं. एकेक डाव महिनोन् महिने चालायचा. या गेमची तीन वर्जनं होती — जुनं, मधलं आणि नवं — आणि सगळी कटकट अशी, की एका वर्जनमध्ये राखून ठेवलेला डाव दुसऱ्यात उघडायचा नाही. कॉलेजच्या पोरांना नवं हवं असायचं. कचेरीतले एक भाऊ रोज संध्याकाळी यायचे, त्यांना जुनंच लागायचं. दीड वर्ष ते एकच किल्ला बांधत होते. मग दर गिऱ्हाइकाला फोल्डरची नावं बदला, फायली इकडच्या तिकडे करा. नाना वैतागून गेले होते.

यातून वाट काढली ती जयोनं.

जयवंत त्याचं नाव, आम्ही जयो म्हणायचो. देवबागचा. घरची होडी होती, तो आणि त्याचे वडील मासेमारीला जायचे. मी गावातला, मास्तरांचा मुलगा. आम्ही दोघं एकाच क्लासात कॉम्प्युटर शिकलो. फरक एवढाच — मी शिकलो आणि त्याला येत गेलं. तो फरक तुम्हाला कळतो का? मला पहिल्या आठवड्यातच कळला होता. मी त्याच्याशी मैत्री केली, ती मनापासून केली. पण तो फरक मी विसरलो नाही, हेही तितकंच खरं.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असायच्या. त्या दोन-अडीच महिन्यांत जयोनं नानांकडे बसून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. उघडला की एक वेडंवाकडं होडीचं चित्र यायचं, खाली तीन बटणं. हवं ते वर्जन दाबायचं. चालू असलेलं सगळं सामान आपल्या जागी जाऊन बसायचं आणि मागितलेलं पुढे यायचं. नाव ठेवलं ‘होडी’. “अलीकडसून पलीकडे न्हेता, मगे होडीच ती,” म्हणाला. नानांनी त्या दिवशी सगळ्यांना भजी खिलवली.

गणपतीत नानांचे एक ओळखीचे पुण्याहून आले. मूळचे इथलेच, पुण्यात त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. त्यांनी होडी पाहिली, दोनदा चालवून पाहिली आणि विचारलं, कोणी केलं? जयो त्या दिवशी दर्यावर होता. नानांनी प्रामाणिकपणे त्याचं नाव सांगितलं, आणि शेजारी मी उभा होतो म्हणून माझंही सांगितलं. साहेब म्हणाले, दिवाळीत येतो, तुमच्यातल्या एकाला घेऊन जाईन.

एकाला. आता सांगा, त्या एका जागेवर कोणाचा हक्क होता? मला विचाराल तर तेव्हाही उत्तर पाठ होतं.

नारळी पौर्णिमेपासूनच जयो चार-चार दिवस कॅफेत फिरकत नसे. त्याच्यामागे होडीच्या तक्रारी मी बघायचो. मोठी तक्रार एकच होती. बटण दाबलं की होडी अडकायची. स्क्रीन तीन-चार मिनिटं थिजून राहायची, लोकांना वाटायचं मशीन बंद पडलं, मग कोणीतरी वैतागून मधेच मशीन बंद करायचं. मी प्रोग्रॅम उघडून एकेक ओळ चालवून पाहिली. दुपारभरात कारण सापडलं. काही हलवायच्या आधी जयो प्रत्येकाच्या डावाची एक जादा प्रत काढून बाजूला ठेवत होता. सगळं सुखरूप पार पडलं, की मगच ती पुसत होता. आमच्या जुनाट मशीनवर वेळ खायचा तो तिथेच. सात ओळी होत्या.

मी त्या सात ओळी काढून टाकल्या.

होडी अर्ध्या मिनिटात पलीकडे जायला लागली. सगळ्यांनी वाहवा केली. नानांनी पाठ थोपटली. पुण्याच्या साहेबांना फोनवर सांगितलंसुद्धा — पोरानं होडी सुसाट केली म्हणून. जयो परत येईल तेव्हा सांगू, असं मी ठरवलं होतं. तो आला, दोनदा येऊन गेला. मी सांगितलं नाही; होडी वेगात कशी गेली असं त्यानं विचारलं, तर मशीनवरचा कचरा साफ केला म्हणालो. त्या ओळी त्यानं का लिहिल्या असतील, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. आमच्याकडे दिवसातून चारदा लाईट जायची. पण कौतुक चालू असताना लाईटची आठवण कोण काढतो!

दिवाळीच्या आधी, साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी सगळी मशीन नव्या वर्जनवर करून ठेवू म्हणून मी एकामागून एक सहाही मशीनवर बटण दाबत गेलो. आणि लाईट गेली. कॅफेची बॅटरी कधीच मेली होती. तासाभरानं लाईट आली तेव्हा चार मशीनवरचे सगळे डाव नाहीसे झाले होते. ना इकडे, ना तिकडे.

पोरांनी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या. त्याचं काही वाटलं नाही. कचेरीतले भाऊ मात्र खुर्चीत बसले, चष्मा पुसला, घरी गेले. ते पुन्हा कॅफेत आले नाहीत.

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, ह्या कसा झाला?

मी म्हणालो, “प्रोग्रॅम जयोचो आसा. तेच्यात कायतरी चूक आसतली.”

इथवर आलोय तर आता थांबत नाही. कारण खरी गोष्ट ही नव्हेच. माणूस घाबरतो, तोंडातून खोटं निघतं, ते एक वेळ समजून घेता येईल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जे केलं ते घाबरून केलं नाही. नानांकडून किल्ली मागून घेतली, सगळ्यांच्या आधी कॅफे उघडलं, आणि त्या सात ओळी होत्या तशा परत घातल्या. सहाही मशीनवर. शांतपणे, स्पेलिंग तपासत. होडी पुन्हा संथ झाली, ती कालच्या घोळामुळे असेल, असं नाना समजले. मग साहेब आले, नानांनी घडलं ते सांगितलं, साहेबांनी मान डोलावली आणि मला विचारलं, कागदपत्रं तयार आहेत का?

जयो दुपारी आला. किनाऱ्यावरून तडक, पँट गुडघ्यापर्यंत ओली, अंगाला माशांचा वास. त्याला कोणीतरी वाटेतच सांगितलं होतं. त्यानं मला एवढंच विचारलं — होडी जादा प्रत काढता ना? मी म्हणालो, “नाय काढल्यान.” त्यानं प्रोग्रॅम उघडला. सात ओळी जागच्या जागी होत्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मी तुम्हाला कसे सांगू? तो दर्यावर गेला नाही. रोज येऊन बसायचा. खोटे डाव तयार करायचा, बटण दाबायचा आणि मधेच स्वतःच्या हातानं प्लग उपटायचा. पुन्हा चालू करायचा. डाव सुखरूप. पुन्हा उपटायचा. पुन्हा सुखरूप. पहिल्या सेकंदाला, दहाव्या, विसाव्या — वहीत लिहून ठेवत होता. प्रत्येक वेळी होडी बरोबर चालायची आणि प्रत्येक वेळी त्याचं तोंड आणखी उतरायचं. चालतं, तर मग त्या दिवशी का चाललं नाही? म्हणजे आपल्याला न दिसणारं काहीतरी आहे. म्हणजे आपल्याला हे कळतच नाही. हे तो मला बोलून दाखवायचा. मी शेजारच्या खुर्चीत असायचो. त्याला चूक सापडत नव्हती, कारण चूक नव्हतीच, आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं. मी त्याला चहा आणून द्यायचो.

शेवटी त्याच्या वडिलांनी ठरवलं, देवाला कौल लावायचा. आमच्याकडे लग्न असो, नवी होडी असो, देवाला विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाहीत. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात; उजवी आधी पडली तर होकार. त्याआधी गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय घडलं ते देवापुढे एकेक वाक्यानं मांडतो, आणि जमलेली माणसं दर वाक्याला साक्ष देतात. जयोनं मला मुद्दाम बोलावलं होतं. कॉम्प्युटरचं कळणारा आपला माणूस म्हणून.

गुरवानं सुरुवात केली. “ह्या तुझ्या लेकराच्या हातसून चूक झाली रे म्हाराजा —”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“लोकांचा नुकसान झाला रे म्हाराजा —”

“व्हय म्हाराजा.”

मीही म्हणालो. हे सांगायला मी इतका वेळ घेत होतो. गप्प राहिलो असतो तर भित्रा ठरलो असतो, एवढंच. पण मी गप्प राहिलो नाही. हात जोडून, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून, दोन्ही वेळा स्पष्ट म्हणालो. जयो माझ्या पुढे उभा होता. त्याची मान खाली होती आणि तो स्वतःही म्हणत होता — व्हय म्हाराजा.

“तेना ती वाट सोडून बापाशीवांगडा दर्यार जावचा, असा तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा.”

पाकळी पडायला फार वेळ लागला नाही. उजवी पडली, म्हणजे कॉम्प्युटर सोडून बापाबरोबर दर्यावर जा. वडिलांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. देव चुकला असं मी म्हणणार नाही. देवाला जे सांगितलं त्यावर त्यानं उत्तर दिलं, आणि जे सांगितलं ते खोटं होतं, हे ठाऊक असलेला माणूस तिथे तिसऱ्या रांगेत उभा होता.

ठरल्याप्रमाणे महिन्याभरानं मी पुण्याला गेलो. नोकरी चांगली होती, मी ती नीट केली, वर चढत गेलो. तुम्ही म्हणाल, झोप कशी लागायची? लागायची. ते जास्त वाईट आहे, असं मला वाटतं. सुट्टीत गावी यायचो, पण देवबागच्या बाजूला जायचं टाळायचो. कोणी जयोचं नाव काढलं की विषय बदलायचो. इतर वेळी मी बरा माणूस आहे असं समजून दिवस काढत होतो.

दोन हजार दहाच्या मे महिन्यात बायको हट्टाला पेटली, डॉल्फिन बघायचे. देवबागला उतरलो आणि ज्या होडीपाशी नेलं, तिच्यावर जयो. अंगानं भरला होता, केस विरळ झाले होते. मला बघून धावत आला, मिठी मारली. पर्यटकांना फिरवतो म्हणाला, बरं चाललंय. लग्न झालं होतं, मुलगी होती. पलीकडच्या होमस्टेवाला त्याला हाका मारत होता — बुकिंगचा कॉम्प्युटर अडलाय, जरा बघ ना. जयो हसत ओरडला, “माका त्यातला काय कळना नाय रे, दुसऱ्या कोणाक तरी विचार!” हे तो अगदी सहज म्हणाला. आम्हा सगळ्यांत ज्याला सगळ्यात जास्त कळायचं, त्याला काही कळत नाही — हे त्याच्या डोक्यात मी घातलं होतं, आणि ते आता पक्कं रुजलं होतं.

बायको पुढे जाऊन बसली. त्यानं मला हात देऊन होडीत घेतलं. मग आवाज खाली आणून, थोडं लाजत त्यानं विचारलं, “तू आता म्होटो साहेब झालंस. माका एक सांग. ती चूक तुका कधी गावली काय रे?”

सात वर्षं तो हे मनात धरून होता. कोणी ऐकत नव्हतं. इंजिन बंद होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्यानं माझा हात अजून सोडला नव्हता.

“नाय,” मी म्हणालो. “नाय गावली.”

त्यानं हात सोडला. “तुका पण नाय गावली,” म्हणाला, “मगे माझी चूक खूपच म्होटी आसतली.”

मी मान डोलावली.