पौषातली तहान

पौषातल्या सकाळी पेल्याची कड ओठांना लागली तरी दात शिवशिवतात, इतकं गार पाणी असतं आमच्याकडचं. आदिलाबादचा उन्हाळा साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, पण इथली थंडी जो राहिला त्यालाच कळते. पहाटे धुकं रानावर असं उतरतं की वेचायचा राहिलेला कापूस कुठला आणि धुकं कुठलं, हे ओळखू येत नाही. माणसं शेकोटीभोवती गुडघे पोटाशी घेऊन बसतात, आणि चहाखेरीज कशाला हात लावावासा वाटत नाही. अशाच एका सकाळी बेल्याला माहेरी गेले असताना मी अक्काला माठापाशी उभी पाहिली. डोळे मिटून ती पाणी पीत होती. पेला रिकामा झाला की पुन्हा भरत होती, आणि प्रत्येक घोट उतरताना तिच्या वाळलेल्या मानेची शीर वर येत होती. ते पिणं सुखाचं नव्हतं. एखादं काम उरकावं तशी ती तहान उरकत होती, आणि तहान काही उरकत नव्हती!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बेल्यातच मराठी शाळेत शिकवते. आमच्या घरातली ती पहिली नोकरदार. आमचे आईबाप दुसऱ्यांच्या रानात राबले. ज्वारी मजुरीतून घरी यायची, म्हणून आमच्या ताटात भाकर असायची. गहू सणाला, तोही पसाभर. अक्काचा पहिला पगार झाला तेव्हा तिनं साडी घेतली नाही, गव्हाचं पोतं आणलं. त्या दिवशी मायनं चुलीपुढे बसून पोळ्या लाटल्या, आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आता आमच्या घरी रोज पोळी. पोळीचा तो मऊ, तुपकट वास आमच्या घरात प्रतिष्ठेसारखा दरवळला. भाकर हळूहळू मागे पडली. कुणी हाकलली नव्हती तिला, पण थांब असंही कुणी म्हटलं नाही.

उन्हाळ्यातली तहान सगळ्यांची असते, तिच्यात एकाची वेगळी तहान कोण ओळखणार? म्हणून कितीतरी उन्हाळे अक्काची तहान आमच्या तहानेत मिसळून गेली. थंडीनं मात्र ती उघडी पाडली. मग बाकीच्या खुणाही दिसू लागल्या. वर्गात कविता म्हणता म्हणता तिची जीभ टाळूला चिकटे. ओठांना चिरा पडलेल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे, म्हणून वह्या तपासताना ती सारखी डोळे मिटून बसे. ज्या आवाजाने विहारात वंदना सुरू होताच मागची कुजबुज थांबायची, तो आवाज आता दोन ओळींत फाटू लागला होता. मुख्याध्यापकांनी चांगल्या मनानेच सुचवलं की शिकवणं जमत नसेल तर कार्यालयातलं काम घ्या. अक्का घरी येऊन एवढंच म्हणाली की फळ्यासमोर उभं राहता आलं नाही तर मी कोण?

गावानं निदान केव्हाच करून टाकलं होतं. साखरेचा आजार! भाऊजींनी तिचा चहा बिनसाखरेचा केला. रक्त तपासलं तर साखर अगदी ठीक. मग कुणी उष्णता म्हणालं, कुणी काळजी. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, त्या संपल्या की रक्त पुन्हा कमी. अखेर मी तिला आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला, माझ्याकडे घेऊन आले आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या तेलुगू बोलणाऱ्या, अक्काची तेलुगू बाजारापुरती. म्हणून मी दुभाषी. बाईंनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, पायावरची कातडी चिमटीत धरून पाहिली. मग पेन खाली ठेवून हळूच विचारलं, पोट कसं असतं?

मी अक्काला प्रश्न मराठीत सांगितला तशी तिची नजर भिंतीवर गेली. तोंड कोरडं पडतं हे चारचौघांत सांगता येतं, डोळ्यांबद्दल बोलता येतं. पण पोटाबद्दल, तेही शिक्षिकेनं, बाईमाणसानं! किती आजार शरीरात नव्हे, संकोचात वाढत असतील! बाई थांबल्या. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, घाईही केली नाही. त्यांच्या त्या थांबण्याचं मला आजही कौतुक वाटतं. मग अक्का अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "सांग त्याईले. लय वर्षं झाले. जेवलं की पोट फुगते, अन् दिवसातून कितीदा तरी जा लागते. शाळेत मी दुपारचं जेवतच नाही."

एवढी वर्षं माझी बहीण वर्गात उभं राहण्यासाठी उपाशी राहत होती. मी ते एकही शब्द न गाळता तेलुगूत सांगितलं.

बाईंनी समजावून सांगितलं. काही माणसांच्या आतड्याला गहू सोसत नाही. गव्हातल्या, जवातल्या एका चिकट द्रव्यावर शरीर शत्रूसारखं तुटून पडतं आणि त्या लढाईत स्वतःचंच आतडं झिजवतं. मग अन्न अंगी लागत नाही, रक्त भरत नाही, जुलाबांवाटे पाणी निघून जातं आणि माणूस कितीही प्याला तरी आतून कोरडाच राहतो. तोंडाची आणि डोळ्यांची कोरड कधी या दुखण्याच्या जोडीनं येणाऱ्या दुसऱ्या दुखण्याचीही असते. तेही वेगळं पाहावं लागेल. प्रत्येक तहान म्हणजे हा आजार नव्हे, असंही त्यांनी बजावलं. आणि एक अवघड गोष्ट सांगितली. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू सोडायचा नाही, नाहीतर आजार लपून बसेल.

ते दिवस मला विसरता येत नाहीत. रक्ताच्या तपासणीत संशय बळावला होता, नागपूरला दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून पाहायचा होता. तोवर अक्का रोज पोळी खात होती. हेच आपलं विष असेल, हे ठाऊक असताना ती घास मोडायची, भाजीला लावायची आणि पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायची. चेहऱ्यावर ना चीड, ना आपली कीव. धैर्य म्हटलं की आपल्याला रणांगण आठवतं. पण ताटापुढे मांडी घालून बसलेलं धैर्य मी तेव्हा पाहिलं.

नागपूरचं निदान पक्कं झालं. गहू कायमचा बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, इतकंच काय, पीठ मिसळलेला डबीतला हिंगसुद्धा बंद. गावच्या गिरणीत ज्वारीआधी कुणाचा तरी गहू दळलेला असतोच, म्हणून भाऊजींनी घरगुती चक्की आणली. अक्का भाकरीकडे परतली. तिला ते जड गेलं नाही. जड गेलं ते मायला.

गव्हानं कधी कोणाचं वाईट झालं, असं माय सगळ्यांना विचारत फिरली. दुर्बीण चुकली असेल, डॉक्टर नवी असेल. अक्का तिच्याकडे जेवायला आली की माय तिच्या भाकरीच्या डब्यावर पदर टाकी, दारातून कुणी डोकावलं तर दिसू नये म्हणून. जी पोळी आणण्यासाठी लेक एवढी शिकली, तीच लेक पुन्हा मजुराचा घास खाते हे तिला बघवत नव्हतं. एके दिवशी अक्कानं तो पदर हळूच बाजूला सारला. "माय," ती म्हणाली, "भाकर खाल्ल्यानं मी मांगं नाही गेली. भाकरच खाऊन त मी इथवर आली." माय उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ उगीच भांडी घासत राहिली.

महिने जाता जाता अक्काच्या गालावर रंग आला. रक्त भरलं, पोट निवलं, शाळेत दुपारी ती मुलांबरोबर डबा उघडू लागली. तहानेनंही आपली मर्यादा ओळखली. डोळे अजून कोरडे राहतात, त्यात थेंब टाकावे लागतात. सगळंच परत मिळतं असं कुठे असतं? पण वर्ग तिच्याकडेच राहिला, आणि पुढच्या पौर्णिमेला विहारातली वंदना तिनं शेवटपर्यंत म्हटली.

यंदा आमच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. बेल्यात, घरापुढच्या मांडवात. आचारी एकीकडे पुऱ्या तळत होते, वांग्याच्या भाजीचा वास गल्लीभर पसरला होता. मायचा पत्ता नव्हता. नवरदेवाची आई ऐन वेळी कुठे गेली म्हणून मी शोधत मागच्या अंगणात गेले. तिथे नव्या लुगड्याचा पदर खोचून माय वेगळी चूल मांडून बसली होती. तवा वेगळा, परात वेगळी, पाणीही झाकून वेगळं ठेवलेलं. पुरीच्या पिठाचा हात घेऊन इकडे कुणी यायचं नाही, असं तिनं आचाऱ्यांना बजावून ठेवलं होतं. तिच्या दोन्ही तळव्यांच्या थापांखाली भाकर पुनवेच्या चंद्रासारखी वाढत होती, तव्यावर टम्म फुगत होती. त्या वासानं पाहुणे ओढले गेले. शहरातून आलेले एक व्याही हसत हसत पुढे झाले आणि गरम भाकरीचा एक चतकोर मागू लागले.

मायनं वर पाहिलं. डोईवरचा पदर सावरला आणि मांडवातल्या चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमाले तिकडं पुऱ्या हायेत, पोटभर खा. हे भाकर माह्या लेकीची हाय."

व्याही हसत मागे सरले. माय पुन्हा परातीवर वाकली. तिच्या आवाजात तेव्हा जो ताठा होता, तो मी अक्काच्या पहिल्या पगाराच्या दिवशी ऐकला होता की तो आज प्रथमच जन्माला आला, हे मला अजून ठरवता येत नाही. एवढं मात्र कळलं, की अन्नाला मान अन्नातून येत नाही; ते कुणासाठी रांधलं, त्यातून येतो.