मास्टरजींची गोळी

बाबा शाळामास्तर, आणि शाळा सुटली की नशाबंदीचे प्रचारक. त्यांनी लिहिलेली पत्रकं ते आणि मी सायकलवरून गावोगाव, पार जैनाबाद, निंबोल्यापर्यंत वाटायचो. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. बाबांनी चहासुद्धा सोडला होता. कशाची आदत लागणं त्यांना गुलामी वाटायची. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर मी त्याला माफ करत नाही.

बीपीसाठी बाबा दोन वर्षं क्लोनिडीनची गोळी घेत होते. एके दिवशी त्याच्याकडे तपासलं तर बीपी चांगलं निघालं. बाबांनी नवी चिठ्ठी मागितली, तसा डॉक्टर भरल्या दवाखान्यात हसला.

"अरे मास्टरजी, सबकी नशा छुड़ाते हो और खुद को गोली की आदत लगा ली? छोड़ दो, कुछ नहीं होता."

बाकावरचे लोक हसले, बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली. डोकं दाबून धरत म्हणाले, "आदत सुटतेय पोरी, त्रास व्हायचाच." त्यांच्याच शाळेत घडलेली मी, मला ते पटलं. संध्याकाळी त्यांच्या उजव्या हातातून पेला निसटला आणि तो हात पुन्हा वर झाला नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्यावरच भडकल्या. "एकदम बंद केली? अगं, मेंदूत रिसेप्टर असतात. ही गोळी त्यांच्यावर बसते आणि मेंदूला सांगते, नसा आवळू नकोस. हळूहळू कमी केली तर मेंदू सावरतो. एकदम काढली तर इतके दिवस दबलेलं सगळं उसळतं. बीपी आधीपेक्षाही वर जातं, त्यातूनच हा लकवा. ही नशा नव्हे!"

त्या आठवड्यात मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. बाईंचं बोलणं जसंच्या तसं, हिंदीत आणि मराठीत. सहा दिवस त्या डॉक्टरच्या दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिलं.

तो बाहेर आला. "बेटा, मेरे पेट पे लात मार रही हो."

"हो, मारतेय," मी म्हणाले. "पढ़ लो. चूक निघाली तर आत्ता फाडते."

त्याने दोनदा वाचलं आणि पत्रक घेऊन आत गेला.

सातव्या दिवशी तो आमच्या घरी आला. बाबा खाटेवर होते. जड जिभेने म्हणाले, "बैठिए साहब," आणि मला चहा टाकायला सांगितलं. मी हलले नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने चादर ओढून उजवा हात झाकला. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

मी चादर काढली.

"बस कर," बाबा म्हणाले.

डॉक्टर जमिनीकडे बघत होता. "वर बघा," मी म्हणाले. त्याने बघेपर्यंत मी चादर हातातच धरून ठेवली.