वहिनीच्या भाषेचा पेपर

दादा औषधांच्या कारखान्यात मशिनवर होता आणि वहिनी तिथेच पॅकिंगला. दोघांचं जमलं, लग्न झालं आणि ती या घरात आली. तिची भाषा वेगळी. मराठी कामापुरती यायची. "हो आई", "झालं आई", "मला काही नको" एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आई शेजारणीला कौतुकाने सांगायची, "गरीब गाय आहे हो."

धाकट्या नणंदेला हे पटत नसे. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता वहिनी फोन स्पीकरवर ठेवून आपल्या बहिणीशी बोलत होती. पलीकडे ती बहीण हसून हसून बेजार झालेली नणंदेला जिन्यातूनच ऐकू आली. ती वर पोचली आणि वहिनी गप्प झाली.

नणंद अकरावी सायन्सला होती. इंग्रजीखेरीज भौतिक, रसायन, जीव आणि गणित ठरलेलेच. पाचवा विषय कॉम्प्युटर नाही तर भाषा, आणि भाषांमध्ये वहिनीचीही होती.

"कॉम्प्युटर घे, पैकीच्या पैकी पडतात," बाबा म्हणाले. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होते. जिथे तिथे नंबर बघायची सवय. "चार विषय डोक्यावर मिरे वाटतायत, त्यात हे विकतचं दुखणं कशाला?"

"विकतचं कसलं? वहिनी फुकट शिकवेल."

"नको," वहिनीच म्हणाली. "माझा भाषा कुठे कामाला येतो?"

नणंदेने भाषाच घेतली.

पण वहिनीचं बोलणं गावाकडचं आणि पुस्तकातलं निराळं. पहिल्या चाचणीत निबंधभर लाल रेघा आल्या. वर बाईंनी सुनावलं, "असं बाजारात बोलतात, पेपरात नाही." रसायनही घसरलं. महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येत होता.

"वहिनी, सोडते मी. झेपत नाही," कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली.

वहिनीने निबंध ओढून घेतला. माहेरी तिच्या आईने शिकवलेल्या शब्दाशब्दाखाली रेघ होती. तिचं डोकंच फिरलं. आपल्या भाषेत तिने जो तोंडाचा पट्टा सोडला तो थांबेचना. बाई रोज सकाळी जिभेला इस्त्री करून निघते की काय, असं काहीसं ती म्हणाली आणि नणंदेला हसू फुटलं.

वहिनी दचकली. "समजलं?"

"इस्त्रीपर्यंत समजलं."

मग वहिनीही पोट धरून हसली. आईच्या घोरण्याची, दादाच्या लाडीगोडीची नक्कल करून दाखवली. नणंद बघतच राहिली. ही बाई इतके दिवस होती कुठे? घड्या तशाच राहिल्या. विषयही तोच राहिला.

बारावीला भाषेत जेमतेम पन्नाशी गाठली, तिच्यापायी बाकीचा अभ्यास मागे पडला आणि प्रवेश परीक्षेत मेडिकल थोडक्यात हुकलं. ती दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडली. बाबा "तरी सांगत होतो" एवढंच म्हणाले, पण उठताबसता म्हणाले. फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला, तरी वहिनी तिच्यासमोर यायचं टाळायची.

शेवटी नणंदेने तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि तिच्याच भाषेत झापलं, "मार्क माझे गेले! तू का तोंड पाडून फिरतोस?"

"फिरतोस चुकलं," वहिनी डोळे पुसत त्याच भाषेत म्हणाली. "तू मला पुरुष केलंस. परत म्हण."

तिने परत म्हटलं. परत चुकलं. वहिनीने गॅस बारीक केला आणि नीट येईपर्यंत तिला सोडलं नाही.